नाटकातला फोटो आणि नाटकाचा फोटो

बालगंधर्वांचा स्त्रीवेषातला फोटो पाहिला नाही असा मराठी माणूस विरळा. अंगावर शालू, नाकात नथ, किंचित कललेली मान आणि समोरच्याच्या थोडेसे बाजूला पाहणारे डोळे. कोणाच्या दिवाणखान्यात तो चौकटीत असतो, कोणी जुन्या मासिकातून कापून ठेवलेला असतो. खाली 'मानापमान'मधील भामिनी किंवा 'स्वयंवर'मधील रुक्मिणी असे छापलेले असते, आणि नाटकातला फोटो म्हणून आपण तो पुढच्या पिढीच्या हाती देतो. गेली चाळीसेक वर्षे इंदूरच्या नाट्यगृहांत कॅमेरा घेऊन बसल्यावर माझे मत असे झाले आहे की, ज्याला आपण त्या काळातला नाटकाचा फोटो म्हणतो तो बहुतेक वेळा नाटकाचा नसतोच. तो नटाचा फोटो असतो. तो काढला तेव्हा नाटक चालू नव्हते, समोर प्रेक्षक नव्हते, ऑर्गन वाजत नव्हता, आणि बहुधा रात्रही नव्हती.

हे ओळखण्याची खूण सोपी आहे. फोटोतल्या चेहऱ्याकडे न पाहता सावलीकडे पाहावे. त्या काळच्या रंगमंचावर पुढच्या कडेला दिव्यांची ओळ असे; त्यांना पुढे सगळेच फूटलाइट म्हणू लागले. हा उजेड खालून वर जातो. त्याने हनुवटी उजळते, नाकाची सावली कपाळाकडे चढते आणि मागच्या पडद्यावर माणसापेक्षा मोठी सावली उभी राहते. स्टुडिओत उजेड येतो तो काचेच्या छपरातून किंवा बाजूच्या मोठ्या खिडकीतून. तिथे सावली हनुवटीखाली पडते. एकदा ही नजर बसली की जुने अल्बम वेगळेच दिसू लागतात. मागचा रंगवलेला पडदा सतरंजीला जिथे टेकतो तिथे सुरकुती दिसते, बाजूला कोरीव कठडा दिसतो, आणि मग लक्षात येते की, नायिका ज्या कठड्याला रेलली आहे तसल्याच कठड्याला रेलून आपले पणजोबा मुंजीनंतर उभे होते.

इंदुरात बसून हे लिहिताना एक गोष्ट मनाला टोचते. फोटोग्राफीच्या बाबतीत आमचे गाव मागासलेले मुळीच नव्हते. लाला दीनदयाळ हे नाव आता जगभरच्या संग्रहालयांत आदराने घेतात. मेरठजवळच्या सरधन्याचा हा माणूस रुडकीच्या कॉलेजातून शिकून १८६६ साली इंदूरला बांधकाम खात्यात आराखडे काढण्याच्या नोकरीवर आला, आणि १८७४ च्या सुमारास त्याने इथेच कॅमेरा हाती धरला. मध्य भारताचे एजंट सर हेन्री डॅली आणि दुसरे तुकोजीराव होळकर यांचे त्याला प्रोत्साहन होते. त्याचा पहिला स्टुडिओ इंदूरचा. हैदराबादचे निजाम, सिकंदराबाद, मुंबई हे सगळे त्यानंतरचे. राजवाडे, मंदिरे, दरबार, शिकारी हे त्याचे विषय.

आता दुसरी तारीख पाहा. गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संगीत शारदा'चा पहिला प्रयोग किर्लोस्कर नाटक मंडळीने केला तो १३ जानेवारी १८९९ रोजी, आमच्या इंदुरात. आपल्या अंकाच्या वाचकांना यात आणखी एक धागा सापडेल. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, देवलांचे शिक्षणही बेळगावातले. कानडी मुलखाच्या कडेला उगवलेले संगीत नाटक हिंदी मुलखाच्या मध्यावर येऊन आपले सर्वांत धीट नाटक पहिल्यांदा करून दाखवते. म्हाताऱ्या भुजंगनाथाला पैशापायी मुलगी देऊ करणारा बाप लोकांनी त्या रात्री पहिल्यांदा रंगमंचावर पाहिला. प्रेक्षकांत स्वतः दुसऱ्या-तिसऱ्या लग्नाच्या तयारीतले गृहस्थ नसतील असे मानणे कठीण आहे. त्यांच्या तोंडावर काय उमटले असेल? नटांनी कुठे थांबून हशा घेतला असेल? ज्या गावात पंचवीस वर्षांपूर्वीच कॅमेरा रुजला होता त्या गावातल्या त्या रात्रीचा एकही फोटो माझ्या पाहण्यात आलेला नाही.

कारण सरळ आहे, आणि त्यात दोष कोणाचा नाही. त्या वेळच्या ड्राय प्लेटची ग्रहणशक्ती आणि तेलाच्या किंवा गॅसच्या बत्त्यांचा उजेड यांचा मी माझ्यापुरता हिशेब मांडून पाहिला. चांगल्यातले चांगले भिंग धरले तरी दहा-वीस सेकंद झाकण उघडे ठेवावे लागले असते. वीस सेकंदांत शारदा रंगमंचाच्या एका कडेहून दुसऱ्या कडेला जाऊन बसते. काचेवर उरले असते ते बत्त्यांचे पांढरे डाग आणि मधे धुरासारखे काहीतरी. पुढे किटसनच्या बत्त्या आल्या, मग वीज आली, उजेड वाढला. पण नट हलतो आणि प्लेट हळू चालते हा तंटा मिटला नाही. नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले, त्यामुळे सूर्याची मदतही नाही.

एक उपाय होता. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमची जळणारी भुकटी निघाली. ताटलीत ठेवून पेटवली की डोळे दिपवणारा लखलखाट होई, मागोमाग पांढरा धूर, आणि अंगावर राख. कापडी पडदे, लाकडी चौकटी आणि पत्र्याचा मांडव अशा थिएटरात चालू प्रयोगात हे करणे म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून प्रयोग संपल्यावर नटांना पुन्हा उभे करून असे फोटो काढणे एवढेच शक्य होते. तेही, माझ्या मते, अर्धेच नाटकाचे. लखलखाटाने रंगमंचाचा स्वतःचा उजेड पुसून जातो. दिव्यांच्या पिवळ्या प्रकाशात जो चेहरा रंगवला तो चुन्यासारखा पांढरा येतो, भिवया कोळशाने ओढल्यासारख्या दिसतात, आणि पाहणाऱ्याला वाटते, काय हे भडक काम! ते भडक नव्हते. ते मिणमिणत्या उजेडासाठी आणि शेवटच्या रांगेतल्या डोळ्यांसाठी केलेले होते.

मग काहींनी उलटे केले. उजेड नाटकाकडे येत नसेल तर नाटक उजेडाकडे न्यायचे. दादासाहेब तोरण्यांनी १९१२ साली 'पुंडलिक' हे रंगभूमीवरचे नाटक मुंबईत दिवसाउजेडी उभे करून चलच्चित्रात घेतले. कॅमेरा एका जागी रोवलेला, समोर नटांनी आपापली कामे केलेली. १८ मे १९१२ रोजी तो चित्रपट कॉरोनेशनमध्ये लागला. पंचवीस वर्षांनी, १९३७ साली, बाबूराव पेंटरांनी बालगंधर्वांना 'साध्वी मीराबाई'त पडद्यावर आणले. ते त्यांच्या 'अमृतसिद्धी' नाटकाचेच रूप होते. बाबूराव म्हणजे एके काळी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवणारा माणूस. रंगभूमी, चित्रकला आणि कॅमेरा तिन्ही ज्याच्या हातात होते त्यालाही ते साधले नाही, चित्रपट पडला. गंधर्वांचे गाणे 'वन्स मोअर'वर जगत असे, आणि कॅमेरा वन्स मोअर देत नाही.

इथे एक विसंगती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९३० च्या सुमारास इंदूरचे तरुण महाराज यशवंतराव होळकर आणि संयोगिताराणी यांचे फोटो मॅन रे काढत होता. विसाव्या शतकातल्या बंडखोर छायाचित्रकारांतला हा एक अग्रणी. त्या फोटोंत दोघे हसतात, लोळतात, एकमेकांच्या अंगावर रेलतात. राजाराणी कॅमेऱ्यासमोर इतके मोकळे, आणि त्याच काळातले आमचे नट मात्र फोटोत देवघरातल्या मूर्तीसारखे ताठ. मंडळीला फोटो हवा असे तो जाहिरातीसाठी, मासिकाच्या ब्लॉकसाठी, पुढच्या मुक्कामाच्या गावात भिंतीवर लावण्यासाठी. तिथे चेहरा आणि दागिने स्पष्ट दिसले की काम झाले. या स्टुडिओतल्या फोटोंना मी कमी लेखत नाही. वेषभूषा, केशरचना, नऊवारीच्या निऱ्या कशा पडत याची इतकी बारीक नोंद दुसरीकडे नाही. फक्त त्यांना नाटकाचा पुरावा समजू नये.

खरा बदल झाला तो काच जाऊन फिल्म आली तेव्हा. १९२५ साली लायका बाजारात आला, १९५४ साली कोडॅकची ट्राय-एक्स ३५ मिलिमीटरमध्ये मिळू लागली. पण ती परदेशी फिल्म इंदूरच्या हौशी माणसाच्या हाती येईपर्यंत बराच काळ गेला. माझ्या पिढीचे शिक्षण झाले ते उटीला तयार होणाऱ्या 'इंदू' फिल्मवर. हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली. 'इंदू' नावामुळे आम्हा इंदूरकरांना ती उगाचच घरची वाटे. आता ती कंपनीही नाही.

त्या फिल्मवर नाटक टिपण्याची काही तंत्रे होती, आणि ती कोणी पुस्तकातून शिकवीत नसे. फिल्मचा वेग चारशेचा असला तरी सोळाशेचा धरून फोटो काढायचे आणि डेव्हलपरमध्ये ती जास्त वेळ ठेवायची. दाणे मोठे येत, काळे अधिक काळे होई, पण चेहरा मिळे. फ्लॅश नाही म्हणजे नाहीच. आणि शटरचा आवाज! करुण प्रसंगात तो 'खटॅक्' तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जाई. मग कॅमेऱ्याभोवती मफलर गुंडाळायचा, हशा किंवा टाळी आली की त्या आडोशाने बटण दाबायचे. संगीत नाटकात तबल्याची समेवरची थाप सोयीची. नाही तरी तान चालू असताना फोटो काढूच नये. उत्तमातल्या उत्तम गायकाचा चेहरा त्या क्षणी दातदुखी झाल्यासारखा येतो. तान संपून समेवर आल्यावर जी अर्धी घटका चेहऱ्यावर समाधान पसरते, तिथे बोट तयार हवे.

यातून नाटकाविषयीच एक गोष्ट मला कळली, आणि ती प्रेक्षकांत बसून कळली नसती. सेकंदाच्या तिसाव्या भागात फोटो घ्यायचा तर नट स्थिर हवा. जुन्या वळणाचे नट दर चार-सहा वाक्यांनी अशी स्थिरता देत. वाक्य संपे, हात हवेत तसाच राही, नजर सहनटावर रोखलेली, आणि मग पुढचे वाक्य. त्याला आपण विराम म्हणतो. विराम घेणाऱ्या नटाचे फोटो चांगले येतात. अखंड बडबडणाऱ्याचे पुसट येतात. माझ्याकडच्या निगेटिव्हवरून कोणाला विराम घेता येत होता आणि कोणाला नव्हता याची यादी करता येईल. ती मी केली आहे, छापणार नाही.

इंदूरच्या हौशी रंगभूमीवर अशा विरामांची कमतरता नव्हती. बाबा डिके आणि त्यांची 'नाट्यभारती' हे आमच्या गावचे नाटकाचे विद्यापीठच. 'नई दुनिया'सारख्या हिंदी दैनिकाचे संपादक राहुल बारपुते तिथल्या मंडळींतले एक. चित्रकार विष्णु चिंचाळकर, ज्यांना सारे गाव गुरुजी म्हणे, त्याच गोतावळ्यातले. देवासहून कुमार गंधर्व येत. सकाळी हिंदीत अग्रलेख लिहायचा आणि संध्याकाळी मराठी नाटकाच्या तालमीला जायचे, यात कोणाला काही विशेष वाटत नसे. दुभाषी गावात राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको.

पण दुभाषेपणाचा एक फटका फोटोला बसला. मराठी नाटकाचा फोटो छापून येई तो बहुधा हिंदी वर्तमानपत्रात. जागा दोन कॉलमांची, म्हणून डावीउजवीकडची माणसे कापली जात. खाली ओळ असे: मराठी नाटक का एक दृश्य. कोणते नाटक, कोण नट, काही नाही. मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांना इंदूरच्या हौशी प्रयोगाचा फोटो छापायचे कारण नव्हते. म्हणजे फोटो आहे, छापलेलाही आहे, आणि तरी नावे कुठेच नाहीत.

मुंबईत असे झाले नाही, याचे श्रेय मोठ्या प्रमाणात मोहन वाघांना. नाटकांचे फोटो काढता काढता हा माणूस 'चंद्रलेखा' संस्था काढून निर्माता झाला आणि २०१० साली जाईपर्यंत नाटकातच राहिला. नाट्यगृहाबाहेर काचेच्या कपाटात लावलेले फोटो पाहून तिकीट काढायचे की नाही हे ठरवणारी एक अख्खी पिढी होती. १९६२ साली आलेल्या अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'चे उदाहरण घ्या. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे आपल्या वाचकांच्या शेजारचाच! प्रभाकर पणशीकरांची त्यातली पाचही रूपे शेजारी शेजारी फोटोत लावली की मिशा, पगडी, टोपी एवढाच फरक दिसतो. प्रत्यक्षात माणूस बदलत असे तो चालीतून आणि आवाजातून. फोटोला ते पकडता येत नाही, आणि लखोबाला हे कळले असते तर त्याने ते कोर्टात वापरले असते. उलट १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'मधली ब्राह्मणांची रांग पाहा. ती डुलते, फुटते, पुन्हा जुळते. फोटोत ती गोठते आणि भिंत होते. तिथे फोटो नाटकापेक्षा काही वेगळेच सांगून जातो. शटर थोडे हळू ठेवून दोन-तीन डोकी पुसट येऊ दिली तर भिंत पुन्हा माणसांची होते. मला तसे फोटो अधिक आवडतात.

आता मी ज्या कामात आहे त्याविषयी. काही वर्षांपूर्वी जुन्या फिल्मची पाकिटे उघडली तर आंबट वास आला, लोणच्याच्या बरणीत तळाशी राहिलेल्या व्हिनेगरसारखा. ॲसिटेटची फिल्म कुजू लागली की हा वास येतो. मग ती आक्रसते, वळ्या पडतात, आणि चित्राचा थर सुटतो. थंड कोरड्या जागी ठेवली तर वेग कमी होतो, थांबत नाही. म्हणून वास येणारी पाकिटे आधी वेगळी केली आणि एकेक फ्रेम संगणकावर उतरवू लागलो. गावातल्या दोन-तीन मित्रांनी आपापल्या घरच्या पेट्या आणून दिल्या. एका घरची पेटी मात्र घर विकताना रद्दीत गेली, हे मला पुढे कळले.

उतरवलेले फोटो घेऊन मी जुन्या कलावंतांच्या घरी जातो. ऐंशी ओलांडलेल्या एका बाईंना आम्ही सगळे ताई म्हणतो. त्यांच्यापुढे मी एक फोटो ठेवला. चार पात्रे रंगमंचावर, उजव्या कडेला विंगेजवळ काहीतरी पांढरे. मी तो डाग समजून काढून टाकायच्या बेतात होतो. ताई म्हणाल्या, "अरे, काढू नकोस. तो प्रॉम्प्टरचा हात आहे. ह्याचं वाक्य गेलंय पहा न, म्हणून माझ्याकडे पाहून राहिलाय तो. आणि माझ्या अंगावरची साडी नणंदेची आहे, तिला न विचारता नेलेली." मग त्यांनी चौघांची नावे सांगितली, कोण बँकेत होता, कोण गिरणीत, कोणाचे लग्न याच तालमींत जमले. स्टुडिओतल्या फोटोत प्रॉम्प्टरचा हात कधीच येणार नाही. नाटक चालू होते, चुकत होते आणि सावरले जात होते, याची साक्ष म्हणजे तो पांढरा ठिपका. तो मी ठेवला आहे.

आता काम सोपे झाले आहे. सानंद न्यासाचे प्रयोग पाच समूहांसाठी होतात, म्हणजे तेच नाटक एकाच मुक्कामात पाच वेळा. फोटो काढणाऱ्याला याहून मोठी चैन नाही. पहिल्या प्रयोगाला कॅमेरा पिशवीतच ठेवावा, नाटक पाहावे. विराम कुठे आहेत ते कळले की दुसऱ्या खेळाला जावे. नव्या कॅमेऱ्याचा आवाज होत नाही, अंधारात चेहरा येतो, एका रात्रीत हजार फोटो निघतात. नावे मात्र हजारांतल्या एकालाही आपोआप लागत नाहीत.

माझ्याकडच्या गठ्ठ्यात एक फोटो असा आहे की तो इंदूरचा नाही. कसा आला कळत नाही. कोणा नातलगाने पाठवलेल्या पाकिटात असावा. कृष्णधवल, पोस्टकार्डाहून थोडा लहान. नऊवारीतली एक बाई खाली बसली आहे, मांडीवर उघडी ट्रंक, हातात लहान मुलाचे टोपडे. मागे दारात एक पुरुष कोट घालून उभा, त्याचा चेहरा अर्धा अंधारात. बाईची हनुवटी उजळलेली आहे आणि मागच्या भिंतीवर तिची सावली तिच्यापेक्षा मोठी आहे. म्हणजे हा चालू प्रयोगातला आहे याबद्दल मला शंका नाही. पाठीवर पेन्सिलीने 'बेळगाव, अंक दुसरा' एवढेच लिहिले आहे. साल नाही, नाटकाचे नाव नाही. वाचकांपैकी कोणाच्या आई-आत्याने असे काम केले असेल, टोपडे आणि ट्रंक कोणाला आठवत असेल, तर संपादकांकडे कळवावे. फोटोची प्रत मी त्यांच्याकडे पाठवून ठेवली आहे.